रिकॉल पेंडिंग दिसतोय, तरी म्हणतात पहिल्या मालकाचं पत्र आणा

वर्षा_कराड
नमस्कार मंडळी. आमची 2015 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 2019 ला पुण्यातल्या एका गृहस्थांकडून घेतली. आरसी ह्यांच्या नावावर आहे. गेल्या पावसाळ्यापासून टाकी फुल केली की मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येतो, निम्म्यावर आली की जातो. मागे सासूबाई आणि धाकटी बसतात. सासूबाईंना दमा आहे, भर पावसातही काचा खाली ठेवाव्या लागतात.

सर्व्हिस सेंटरच्या ॲडव्हायझरने चासी नंबर टाकला तेव्हा त्याच्या स्क्रीनवर मी स्वतः वाचलं: इंधन पाइपचा रिकॉल (सदोष भाग स्वखर्चाने बदलून द्यायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) पेंडिंग. म्हणजे दोष कंपनीला माहीत आहे, आणि आम्हाला कुणी एका ओळीने कळवलं नाही. पत्र गेलं असणार पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. बरं, आता तरी करून द्या म्हटलं तर आधी पार्ट नाही. मग म्हणे आमच्या रेकॉर्डला गाडी तुमच्या नावावर नाही, पहिल्या मालकाचं पत्र आणा. त्या गृहस्थांचा फोनच लागत नाही. शेवटी मॅनेजर म्हणाला, "मॅडम, गाडी जुनी झाली, ई-20 पेट्रोलने, म्हणजे 20 टक्के इथेनॉलवाल्या, रबर जातंच. 4,800 भरा, आज बदलून देतो." पैसे भरले की पार्ट लगेच हजर! माझ्या घरची माणसं त्या सीटवर बसतात हो.

पैसे भरून मोकळं व्हावं की भांडावं? आणि तोवर गाडी वापरावी का? पुढच्या महिन्यात सांगलीला लग्न आहे.

मिरज_गॅरेज
ताई, फुल टाकीला वास आणि निम्म्याला नाही, म्हणजे गळती बहुतेक टाकीच्या वरच्या अंगाला. पेट्रोल भरायची नळी, ब्रीदर पाइप (टाकीतली हवा बाहेर काढणारा), नाहीतर पंपाच्या तोंडावरची रबरी रिंग. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागची सीट उचलली की पत्र्याचं झाकण दिसतं, त्याखाली पंप. ओळखीच्या मेकॅनिककडून उघडून घ्या. धूळ कोरडी असेल तर पंप ठीक. एका बाजूला काळपट ओलसर डाग असेल तर चोर तिथेच.

तोवर टाकी निम्म्याच्या वर भरू नका, गाडी उघड्यावर लावा. थेंब पडताना दिसला तर स्टार्टरसुद्धा मारू नका. एम-सील लावून देणारे भेटतील, रेडिएटरचा पाइप कापून बसवणारेही भेटतील. तो पाइप पेट्रोलने फुगतो. दोघांनाही गाडीला हात लावू देऊ नका.

ग्राहक_नाशिक
"गाडी जुनी" हे कुठून येतं ते सांगतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने रिकॉलचं कलम आलं आणि एप्रिल 2021 पासून सरकार कंपनीला रिकॉल करायला भाग पाडू शकतं. पण तो नियम 7 वर्षांच्या आतल्या गाड्यांना, तुमची त्यात बसत नाही.

तुमचा रिकॉल मात्र कंपनीने आधीच जाहीर केलाय, तिथे ही अट लावायचं कारणच नाही. वाहन उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छा रिकॉलची पद्धत 2012 पासून आहे. 2019 मध्ये मारुतीने वॅगनआरच्या 40,618 गाड्या इंधनाच्या पाइपसाठी तपासायला बोलावल्या, त्या स्वतःहूनच. रिकॉल चासी नंबरवर निघतो, माणसाच्या नावावर नाही. आरसीची प्रत पुरेशी आहे.

ई-20 बद्दल: जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही हे खरं, पण त्याने पेंडिंग रिकॉल रद्द होत नाही.

डीलरशी बोलणं थांबवा. कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ईमेल करा: चासी नंबर, आरसी, 4,800 चं कोटेशन. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार, पुढे जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत 5 लाखांच्या आत असेल तर तिथे फी लागत नाही. आयोगात तक्रार करायची मुदत मात्र 2 वर्षांची, ती हातची घालवू नका.

पन्हाळा_रोड
सगळं बरोबर, पण घरात दम्याचं माणूस आहे. ईमेल-तक्रारीत महिने जातील. मी असतो तर पैसे भरले असते, बिलावर "रिकॉलचं काम, पैसे निषेध नोंदवून भरले" असं लिहून घेतलं असतं आणि जुना पाइप घरी आणला असता. परतावा नंतरही मागता येतो.

वर्षा_कराड
आज मेकॅनिकने सीट उचलली. पंप कोरडा आहे. भरायच्या नळीच्या जोडावर, मागच्या चाकाच्या वर, बोट फिरवलं तर ओलं लागलं आणि वासही तोच. फोटो काढलेत.

दादा, पैसे भरायला मन घेत नाही. आमच्यासारखे सेकंड हँडवाले किती असतील ज्यांना हे माहीतच नाही. लग्नाला एसटीने जाऊ. ईमेल आज रात्री करते. पण जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवर) "रिकॉल पेंडिंग" लिहायला ॲडव्हायझर तयार नाही, काय करू?

ग्राहक_नाशिक
कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल तपासायची सोय असेल तर तिथे स्वतः चासी नंबर टाका आणि तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. तो आणि ओल्या जोडाचा फोटो ईमेलला जोडा. ॲडव्हायझरने लिहून द्यायला नकार दिला, हेही त्यात तारखेनिशी लिहा.