पिण्याला आणि फिशटँकला एकच आरओ: हिशोब जमतो की नाही?

वाघोलीकर
आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत पडतं. टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, पावसाळ्यानंतर ५५० च्या आसपास असतो, मे महिन्यात ९०० च्या वर जातो. साबणाला फेस येत नाही. फिशटँकच्या काचेवर पाण्याच्या पातळीला जो पांढरा पट्टा बसतो तो नखाने निघत नाही, व्हिनेगरचा बोळा धरून बसावं लागतं.

घरात चार माणसं. प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून रोज २२ लिटर धरा. टँक चार फुटी, साधारण २०० लिटर. निऑन टेट्रा आहेत, डिस्कस आणायचे आहेत. दोन्ही माशांना हलकं पाणी लागतं, म्हणून त्यांनाही आरओचं. आठवड्याला ३० टक्के पाणी बदलायचं तर ६० लिटर. सगळं मिळून आठवड्याला २१४ लिटर. १०० जीपीडीचं (दिवसाला १०० गॅलनचं) मेंब्रेन, म्हणजे आरओतला क्षार अडवणारा पडदा, कागदावर दिवसाला ३७८ लिटर देतं. त्याच्या निम्मं मिळालं तरी एक मशीन दोन्ही कामांना पुरून उरतं. मशीन विकणारे मात्र 'माशांसाठी वेगळं घ्या' असंच सांगतात. मला ते विकायचं कारण वाटतं, गरजेचं नाही. विरोधी मत असेल तर कारणासकट लिहा.

पेठेतला
पुण्यात आरओ? खडकवासल्याचं पाणी इतकं हलकं असतं की आमच्या किटलीला वर्षानुवर्षं थर धरत नाही. हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणा. आहे ते सत्त्व काढायचं आणि मग 'मिनरल' म्हणून विकत घालायचं, हे खूळ आहे.

वाघोलीकर
खडकवासल्याचं पाणी माझ्या नळाला येत असतं तर हा धागाच काढला नसता. पेठेच्या हद्दीबाहेरही पुणं आहे हो.

दोन मशीनवाला
मी वेगळंच मशीन लावलंय आणि तेच सांगेन. पिण्याचं मशीन म्हणजे स्वयंपाकघरातली वस्तू. टँक भरायला काढलेली नळी तुम्ही पाण्यात बुडवणार, कधीतरी ती शेवाळ्यासकट ओट्यावर येणार. शिवाय मेंब्रेनचं आयुष्य लिटरवर ठरतं. माशांचे ६० लिटर त्याच मेंब्रेनमधून काढलेत तर ते तेवढं लवकर बदलायला येईल. माशांसाठी कॅबिनेट, यूव्ही, रंगीत दिवे काही लागत नाही. सेडिमेंट, कार्बन, पंप आणि मेंब्रेन एका फळीवर ठोका, स्वस्तात होतं.

टेट्राप्रेमी
दोन मशीनवाले, नळीचा मुद्दा मान्य, मेंब्रेनचा नाही. घरगुती मशीन मेंब्रेनला मारतं ते सारखं चालू-बंद होऊन. मशीन थांबलं की पडद्याच्या अलीकडचे क्षार हळूहळू पलीकडे झिरपतात. रात्रभर बंद असलेलं मशीन सकाळी सुरू करून पहिला ग्लास मोजा आणि दहा मिनिटांनी दुसरा मोजा, आकडे बोलतील. एकदा लावून सलग पाच-सहा तास ६० लिटर काढणं मेंब्रेनला उलट सोयीचं.

पण वाघोलीकर, तुमच्या हिशोबात एक गोष्ट राहून गेली. पाणी किती निघतं एवढंच पाहिलंत, ते कुठून काढायचं ते नाही. घरगुती प्युरिफायरच्या नळाचं पाणी टँकमध्ये घालूच नका. मेंब्रेनच्या पुढे त्यात काय काय असतं पाहा: पोस्ट कार्बन, मिनरलची कार्ट्रिज, हल्ली तर तांब्याची कार्ट्रिज. माणसाला तांबं किती चांगलं यावर घरात वाद घाला, पण कोळंबी आणि गोगलगाय तांब्याने मरतात, अगदी थोड्या प्रमाणातही. त्यात टीडीएसची चावी असते, म्हणजे मूळचं बोअरचं पाणी बाजूने आणून पुन्हा मिसळलेलं. चावी कोणी कितीवर फिरवली त्यावर तुमच्या डिस्कसचं नशीब.

म्हणून मेंब्रेनमधून शुद्ध पाण्याची जी बारीक नळी निघते तिथेच टी, म्हणजे दोन फाटे काढणारा जोड, लावा. एक फाटा मशीनच्या टाकीला, दुसरा चावी लावून माशांच्या पिंपाला. तांबं, मिनरल, यूव्ही, टीडीएसची चावी सगळं टीच्या पुढे, पिण्याच्या फाट्यावर. आता एक बारकावा. मशीन बंद करणारा फ्लोट मशीनच्या स्वतःच्या टाकीत असतो. पिंपाचा फाटा उघडा असला की पाणी सोपी वाट धरून पिंपातच जातं, मशीनची टाकी भरत नाही, पंप थांबत नाही, आणि तुम्ही झोपलेले असता. पिंपाला छोटा बॉलकॉक हवाच. तो बंद झाला की पाणी आपोआप मशीनच्या टाकीकडे वळतं आणि पुढचं काम तिथला फ्लोट करतो. नळी पिंपाच्या वरच्या तोंडाशीच थांबते, टँकमध्ये बुडवायची वेळच येत नाही.

उरलेसुरले क्षारही काढणाऱ्या डीआय रेझिनचं कोणी सुचवेल. समुद्री टँक असेल तरच घ्या, तिथे टीडीएस शून्य लागतो. गोड्या पाण्यात तो खर्च कशाला?

केमिस्ट काकू
सगळे टीडीएस मीटर हातात घेऊन भांडताय. तो मीटर कॅल्शियम, मीठ, नायट्रेट सगळं एका आकड्यात दाखवतो. ९०० मध्ये नक्की काय आहे ते आधी तपासा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. टीडीएसला निदान दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सूट आहे, नायट्रेटला ती सूटही नाही. शेतं जाऊन इमारती झाल्या तिथल्या बोअरमध्ये खताचं आणि सेप्टिक टँकचं नायट्रेट असू शकतं. यूव्ही किंवा उकळणं त्याला काही करत नाही, आणि मेंब्रेनही त्याला कॅल्शियमइतकं अडवत नाही. टेट्राप्रेमी, ती टीडीएसची चावी सगळ्यात आधी माणसांसाठी धोक्याची, माशांचं नंतर बघू.

टेट्राप्रेमी
काकू, माणसांच्या बाबतीत तुमच्याशी वाद नाही. माशांना मात्र थोडं मिसळावंच लागतं. नुसत्या आरओच्या पाण्यात आम्लाला आवरणारं कार्बोनेट जवळपास नसतं, टँकमधले जिवाणू आम्ल तयार करत राहतात आणि पीएच एका रात्रीत कोसळतो. बोअर ९००, आरओ ४५ धरलं आणि २०० हवं असेल तर ६० लिटरमध्ये ११ लिटर बोअरचं, ४९ आरओचं. टँकरमध्ये ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर त्या ११ लिटरला क्लोरीन घालवणारं अँटिक्लोरिन आधी.

मलावीवाला
एवढा खटाटोप कशासाठी? तुमचं पाणी मलावी आणि टांगानिका सरोवरातल्या सिक्लिडला आयतं आहे. त्यांना पीएच आठच्या आसपास आणि जड पाणीच लागतं. मॉली, गप्पी यांनाही चालतं. लोक या माशांच्या टँकमध्ये मुद्दाम कोरलची चुरी घालतात आणि तुम्ही फुकट मिळालेले क्षार पैसे मोजून काढताय. अॅमेझॉनचे मासे वाघोलीत आणायचे आणि मग अॅमेझॉन विकत आणायची.

दोन मशीनवाला
+१. डिस्कसचा हट्ट सोडला तर माझंही दुसरं मशीन विकायला निघेल.

लातूरचा
वाचतोय सकाळपासून. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. कळशी घेऊन रांगेत उभं राहिलेलं घर काय असतं ते आम्हाला विचारा. आता तुमचा हिशोब बघा. एक लिटर शुद्ध पाण्याला तीन लिटर गटारात, म्हणजे २१४ ला ६४० लिटर. त्यातले १८० लिटर निव्वळ माशांपायी. आणि हे टँकरचं पाणी, म्हणजे कुठल्या तरी गावच्या विहिरीतून उपसलेलं. पिण्यासाठी आरओ लावा, माझं काही म्हणणं नाही. शोभेसाठी पाणी फेकणं मला पटत नाही.

वाघोलीकर
मुद्दा बोचला, पण फेकणार कोण म्हणालं? रिजेक्ट, म्हणजे मशीन बाहेर टाकतं त्या पाण्याचा टीडीएस ११८५ च्या घरात येतो. झाडांना नको, फरशीवर डाग पडतात, पण फ्लशला काय झालं? ६४० म्हणजे दिवसाला ९१ लिटर. चार माणसांच्या घरात फ्लशला तेवढं सहज लागतं. आणि टँकमधून काढलेलं ६० लिटर पाणी कुंड्यांना, माशांच्या मळाचं खत त्यात असतंच.

लातूरचा
रोज बादलीने उचलून ओतणार? पहिला आठवडा ओताल.

टेट्राप्रेमी
बादली कशाला? रिजेक्टची नळी पंपाच्या जोरावरच असते. बाथरूमच्या माळ्यावर पिंप ठेवा, पाणी दोन मीटर सहज चढतं, दुसरा पंप नको. तिथून उताराने फ्लशच्या टाकीला. फक्त लांब पल्ल्याला बारीक नळी घेऊ नका, आणि रिजेक्ट कमी करायचं म्हणून त्याच्या नळीतला प्रवाह रोखणारा रिस्ट्रिक्टर आवळू नका. एवढ्या जड पाण्याला मेंब्रेनवर चुन्याचा थर धरायला फार वेळ लागत नाही.

गच्चीवाला
जून ते सप्टेंबर पाऊस धरा की! पहिले एक-दोन पाऊस गच्ची धुवायला सोडायचे, मग गाळून पिंपात. बोअरपुढे त्यात क्षार नसल्यासारखेच. चार महिने माशांचा आरओ बंद.

वाघोलीकर
तिसऱ्या मजल्यावर राहतो, गच्ची सोसायटीची आहे. तिथे पिंप ठेवायचं तर सर्वसाधारण सभा घ्यावी लागेल, आणि आमच्या सभेत पार्किंगच्या पुढे विषय सरकत नाही.

असो. मशीन एकच घेतोय, टी मेंब्रेनला लागूनच. तांब्याची कार्ट्रिज काढायला सांगणार, विक्रेत्याने नाक मुरडलं तरी. टीडीएसच्या चावीचं प्रयोगशाळेच्या अहवालावर. डिस्कसवर घरात मतभेद आहेत, मुलगी मलावीवाल्यांच्या बाजूने गेली आहे.

केमिस्ट काकू
नमुना मे महिन्यात द्या, सर्वात वाईट पाणी तेव्हाच असतं. आणि पावसाळ्यात जंतूंसाठी पुन्हा एकदा.

लातूरचा
माळ्यावरच्या पिंपाला ओव्हरफ्लो कुठे काढलाय तेही लिहा. गावाला गेलात आणि मशीन चालू राहिलं तर?

वाघोलीकर
ओव्हरफ्लो बाथरूमच्या जाळीवर. गावाला जाताना मशीनचा इनलेट कॉक बंद.

लातूरचा
बरं. पण फ्लशचं केल्यावर फोटो टाका, नुसतं लिहू नका.