४० तासांवर बजेट बसवू नका

अमेरिकेत जाऊन प्रायव्हेट पायलट लायसन्स काढायला किती खर्च येईल, याचा कोणीतरी ४० तास उड्डाण गुणिले विमानाचा तासाचा रेट असा हिशोब मांडलाय, तो वाचून हसू आलं, कारण मीपण नाशिकरोडला घरी बसून अगदी हाच हिशोब केला होता. अमेरिकेत ४० तास ही कायद्याने किमान मर्यादा, त्यात २० इन्स्ट्रक्टरबरोबर अन् १० एकट्याने. माझे ६० च्या वर गेले. हवा खराब, विमान मेंटेनन्सला, मग दोन आठवडे गॅप पडला की हात विसरतो आणि परत लँडिंगपासून सुरुवात, आणि मीटर तर चालूच.

आणि हो, टूरिस्ट व्हिसावर हे चालत नाही बरं का, शिवाय परदेशी माणसाला ट्रेनिंगआधी टीएसएची (तिथली वाहतूक सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) परवानगी लागते. तिकीट त्यानंतर काढा.

लहानपणी नाशिकच्या गांधीनगरला आर्मीची हेलिकॉप्टरं बघून वाटायचं उडवणं म्हणजे नुसती मजा. ट्रेनिंगला पहिला धडा काय, तर पहाटे सेस्नाच्या, म्हणजे शिकायच्या छोट्या विमानाच्या, पंखाखाली वाकून छोट्या कपात पेट्रोल काढायचं, उजेडात धरायचं, निळंच आहे ना, तळाशी पाण्याचा थेंब नाही ना. बोटांचा वास दिवसभर जात नाही.

पहिल्या सोलोला, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने उडवताना, मात्र शेजारची सीट रिकामी, तेवढं वजन कमी झाल्याने विमान असलं भसकन वर गेलं की माझीच तंतरली. उतरल्यावर तिथल्या प्रथेप्रमाणे शर्टाची पाठ कापतात. माझा नेमका आईने दिवाळीला घेतलेला होता, अजून सांगितलं नाहीये तिला.