मदत हवी आहे: ग्लिसरीन, कोरफड, सिरम सगळं लावूनही टाळू कोरडीच, वर खाज

मयूरी_कुरळी
नमस्कार. जरा घाईत आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. केस कुरळे, पाठीपर्यंत. गेली काही वर्षं माझा ठरलेला उपाय आहे: केस धुतले की ओलसर असतानाच ग्लिसरीन-गुलाबपाण्याचा फवारा, आणि आठवड्यातून एकदा ताजी कोरफड. केस मऊ राहायचे, कुरळे छान बसायचे. आताही सगळं तसंच करतेय, पण टाळू इतकी कोरडी झालीय की कंगवा फिरवला की काळ्या ओढणीवर पांढरा भुगा पडतो. खाज तर विचारू नका. केसांचा पार काथ्या झालाय. फवारा वाढवला तर आणखीच बिघडलं. मग हायल्युरॉनिक ॲसिडचं सिरम आणलं, तेही थेट टाळूवर लावतेय. ओलावा धरणाऱ्या सगळ्या गोष्टी लावूनही हे असं का? पुढच्या आठवड्यात दिराचं लग्न आहे. काय लावू आणि काय बंद करू, एवढंच सांगा.

रानवेल
कुठे राहता? फवाऱ्यात ग्लिसरीन किती? पाणी नळाचं की बोअरचं? भुगा कोरडा की चिकट? यातलं काहीच लिहिलेलं नाही. त्याशिवाय काय सांगणार?

निवांत_काकू
अगं, तेल लावतेस की नाही तेही नाही लिहिलंस! डोक्याला तेल नाही म्हणून हे सगळं. रात्री खोबरेल कोमट कर, बोटांच्या टोकांनी मुरव, सकाळी शिकेकाईने न्हा. आमच्या घरात कुणाला कधी कोंडा झाला नाही.

मयूरी_कुरळी
शहराचा काय संबंध? आधी डोंबिवलीत होते, मार्चपासून नागपूरला. ग्लिसरीन निम्मं, गुलाबपाणी निम्मं, व्हिडिओत तसंच सांगितलं होतं. पाणी बोअरचं. तेल लावत नाही, चिपचिप होतं.

वऱ्हाडी_माणूस
अहो ताई, नागपुरात मे महिन्यात ग्लिसरीन? काहून? इथं दुपारी दोरीवर टाकलेली चादर अर्ध्या तासात वाळते. तुमच्या डोक्यावरचं पाणी किती वेळ टिकन? घरात एसी आहे का कूलर?

साबणवाला
शहराचाच संबंध आहे, मयूरीताई. मी शाम्पू-क्रीम बनवण्याच्या कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ग्लिसरीन ओलावा तयार करत नाही. त्याच्या रेणूत तीन हायड्रॉक्सिल गट असतात, ते पाण्याला धरून ठेवतात. पण धरायला पाणी कुठून तरी यायला हवं. डोंबिवलीच्या हवेत बाष्प भरपूर, तिथे ते हवेतून मिळतं. नागपुरात उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. हवेत पाणी नसलं की ग्लिसरीन ते केसातून आणि त्वचेच्या खालच्या थरांतून ओढतं. वर आलेलं पाणी कोरड्या हवेत उडून जातं. तुम्ही पुन्हा फवारा मारता, पुन्हा तेच होतं. त्यात ५० टक्के ग्लिसरीन म्हणजे फारच दाट. तयार क्रीम-लोशनमध्ये ते बहुधा एक आकडी टक्क्यांत असतं, आणि सोबत पाणी अडवून ठेवणारं काहीतरी स्निग्ध असतं. तुमच्या फवाऱ्यात तसं काहीच नाही.

हायल्युरॉनिक ॲसिडचंही तेच. त्याचे मोठे रेणू वरच राहतात, पातळ पापुद्रा धरतात, आणि घासलं की त्या पापुद्र्याच्या बारीक गोळ्या सुटतात. तुमच्या ओढणीवरच्या भुग्यात तेही असू शकेल.

आपल्या त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात ओलावा धरणारे पदार्थ मुळातच असतात: अमिनो आम्लं, लॅक्टिक आम्ल, युरिया. कडक शाम्पूने वारंवार धुतलं की ते निघून जातात. वरून काही ओतण्याआधी ते वाचवा. सौम्य शाम्पू वापरा आणि गरम पाणी डोक्यावर घेऊ नका.

निवांत_काकू
म्हणजे मी म्हणाले तेच झालं ना? स्निग्ध काहीतरी हवं. तेल!

रानवेल
काकू, अर्धं बरोबर आहे. खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आतपर्यंत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी निघून जातं. २००३ साली आपल्याकडच्याच संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना करून हे दाखवलं आहे. पण ते केसासाठी. टाळूवर मॅलासेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच असते आणि तिचं खाद्य म्हणजे स्निग्ध आम्लं. कोंडा तेलकट प्रकारचा असेल, तर टाळूवर रात्रभर तेल ठेवणं म्हणजे तिला जेवू घालणं. म्हणून मी आधीच विचारलं होतं, भुगा कोरडा की चिकट. अजून उत्तर नाही.

निवांत_काकू
आमच्या आईने ऐंशीव्या वर्षापर्यंत रोज तेल लावलं, वेणी मनगटाएवढी होती. बुरशी आत्ता कुठून आली?

रानवेल
आईंच्या टाळूला तो त्रास नव्हता, काकू, म्हणून तेल मानवलं. मयूरीला तो आहे की नाही हेच अजून कळलेलं नाही.

कुडाळकर
आमच्याकडे नेमकं उलटं. पावसात ग्लिसरीनवालं क्रीम लावलं की केस हवेतलं पाणी पिऊन फुगतात, तासाभरात डोकं दुप्पट. जून ते सप्टेंबर आमच्या घरात ते बंद म्हणजे बंद. जास्वंदीची पानं वाटून लावतो.

आवळाप्रेमी
अकाली पिकणाऱ्या केसांसाठी माका, आवळा आणि ब्राह्मी समभाग घेऊन तिळाच्या तेलात मंद आचेवर सिद्ध करा. नियमित लावलं तर फरक पडतो. कुणाला सविस्तर कृती हवी असेल तर सांगा, इथेच लिहितो.

मयूरी_कुरळी
माझे केस पिकलेले नाहीत. एसी आहे, रात्रभर चालू असतो, वर पंखाही. भुगा कोरडाच असावा, पांढरा आहे ना. कोरफडीचं कुणीच काही बोललं नाही. ती तरी चालू ठेवू की नको? ती लावल्यावर खाज जास्त येते.

वऱ्हाडी_माणूस
मग एसीनं राहिलेलं बाष्पही काढून घेतलं. आमच्याकडं कूलर असतो, वाळ्याच्या ताट्या लावलेला. त्याच्या ओल्या हवेत कातडी तडकत नाही, अन् वास कसा मस्त येतो. थोडे दिवस कूलरमध्ये झोपून पाहा.

अक्षरगंध
अवांतर: ताट्यांना आता वाळा कुठे असतो? सगळीकडे लाकडाचा भुसा भरून देतात. खरा वाळा कुठे मिळतो, कुणाला माहीत आहे का?

वऱ्हाडी_माणूस
मिळतो, पण हंगाम सुरू व्हायच्या आधी घ्यावा लागते. अन् कूलरचं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला हो, डेंग्यूचे डास त्यातच अंडी घालतात.

रानवेल
विषयावर या. मयूरी, कोरफड ताजी म्हणजे कशी? पान कापलं की लगेच गर काढता का? सालीच्या आत लागूनच पिवळा, कडू चीक असतो, तो त्वचेला झोंबतो. पान बुडाशी कापायचं, वाटीत अर्धा तास उभं ठेवायचं, चीक गळू द्यायचा. मग पान धुऊन साल जाड सोलायची आणि मधला काचेसारखा गर तेवढा घ्यायचा. पिवळी झाक दिसली तर तो भाग टाकायचा. गर म्हणजे जवळपास सगळं पाणीच. तो वाळला की तोही टाळूला ओढून धरतो, म्हणून लावून ठेवायचा नाही, वीस मिनिटांनी धुवायचा. सध्या मात्र खाज असेतो बंदच ठेवा.

निवांत_काकू
तो चीक आटवला की काळा बोळ होतो. बाळंतिणीच्या घरी असायचाच.

रानवेल
हो काकू, तोच. आणि मयूरी, पांढरा दिसला म्हणजे कोरडा असं नाही. कोंडा दोन बोटांत चोळून पाहा. पिठासारखा उडाला तर कोरडेपणा. मेणासारखा बोटाला चिकटला तर तेलकट कोंडा. कानामागे, भुवयांत आणि नाकाच्या बाजूलाही बघा.

मयूरी_कुरळी
पाहिलं. डोक्याच्या वरच्या भागातला उडतो. कानामागचा आणि मानेवरचा मात्र पिवळट आहे, चिकटतो, आणि खालची कातडी लाल दिसते. भुवयांतही थोडा आहे. म्हणजे दोन्ही?

रानवेल
असू शकतं. भुवया आणि कानामागचा लालसरपणा म्हणजे सेबोऱ्हिक डर्मटायटिसची, म्हणजे तेलकट कोंडा आणि लाल कातडीच्या त्वचाविकाराची शक्यता. त्यावर सहसा किटोकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाचा २ टक्क्यांचा शाम्पू देतात, आठवड्यातून दोनदा, टाळूवर पाच मिनिटं ठेवून धुवायचा. पण स्वतःच सुरू करू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. सोरायसिसमध्येही असेच पापुद्रे सुटतात, बहुधा जाड आणि चंदेरी, आणि नुसत्या वर्णनावरून फरक सांगता येत नाही. तोवर टाळूवर तेल नाही, सिरम नाही, फवारा नाही.

निवांत_काकू
आणि केसांना?

साबणवाला
केसांना काकूंचं तेल! धुण्याआधी तासभर, कानाच्या खालच्या लांबीला, टाळू सोडून. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम केसांवर बसतं आणि केस राठ होतात, म्हणून शेवटचा तांब्या तरी गाळलेल्या गोड्या पाण्याचा घ्या. त्यानंतर धुऊन टाकायचं कंडिशनर, आणि केस ओले असतानाच टोकांना खोबरेलाचे दोन थेंब. तयार क्रीम घेणार असाल तर मागची यादी वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन किंवा त्याच्यासारखंच पाणी धरणारं प्रोपिलिन ग्लायकॉल आलं, तर या महिन्यात ते नको. प्रोपिलिन ग्लायकॉलने काहींच्या त्वचेला खाजही सुटते.

मयूरी_कुरळी
उद्या संध्याकाळची डॉक्टरांची वेळ मिळाली. लग्नात अंबाडा घालून गजरा माळते, म्हणजे केस मोकळे सोडायला नकोत. फवाऱ्याची बाटली भरलेली आहे, ती टाकून देऊ का?

साबणवाला
बाटलीतलं मिश्रण टाका. नुसतं ग्लिसरीन शिल्लक असेल तर ठेवा, ते खराब होत नाही. खाज पूर्ण थांबली आणि नागपुरात पाऊस लागला, की १०० मिली पाण्यात एक छोटा चमचा, त्याहून जास्त नाही, आणि फक्त केसांवर. पातळ केलेलं टिकत नाही, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

आवळाप्रेमी
कृती कुणाला हवी आहे का?

अक्षरगंध
मला हवी आहे. पण वेगळा धागा काढा, इथे नको.