हान्फू : नटण्याची हौस की परंपरेचे जतन?

प्रश्न
चीनमधील तरुण मुली घोळदार हान्फू (म्हणजे चीनमधील बहुसंख्य हान लोकांचा पारंपरिक पोशाख) नेसून जुन्या राजवाड्यांपुढे छायाचित्रे काढून घेताना हल्ली सर्रास दिसतात. याला संस्कृतीचे जतन म्हणावे काय?

प्रतिसाद १
हौस आहेच, पण तेवढीच नाही. १६४४ मध्ये ईशान्येकडून आलेल्या मांचू लोकांनी बीजिंग घेतल्यावर हान पुरुषांवर डोक्याचा पुढचा भाग भादरून वेणी राखण्याची आणि मांचू पेहरावाची सक्ती झाली आणि हान्फू हळूहळू वापरातून गेला, त्यामुळे २००३ मध्ये झेंगझोऊ शहरात एक तरुण कामगार हान्फू घालून भर रस्त्यात फिरला, तेव्हा त्याची बातमी झाली.

प्रतिसाद २
या तरुणांचा अभ्यास कमी लेखू नये. छातीवर डावा पदर उजव्यावर यावा लागतो, कारण उलट पद्धत मृतांची मानली जाते. ही चूक दिसली की जाणकार मंडळी अनोळखी माणसालाही टोकतात, आणि तो कडवेपणा मला जाचक वाटतो. बाजारही मोठा आहे. शानतुंग प्रांतातील त्साओशियान परगणा हान्फू शिवून ऑनलाइन विकतो.

प्रतिसाद ३
पोशाख भाड्यानेही मिळतो, कुन्छू हे जुने चिनी नाट्यगायन तसे मिळत नाही. युनेस्कोने २००१ मध्ये गौरवलेल्या या कलेत बाहीला जोडलेली लांब पांढरी रेशमी पट्टी मनगटाच्या एका झटक्यात उलगडून पुन्हा घडी घालून हातावर घ्यायची असते, आणि एवढ्यासाठीसुद्धा लहानपणापासून तालीम लागते. विद्यापीठांतील प्रयोगांना तरुण गर्दी करतात. शिकायला मात्र थोडेच येतात.