हॉटेलातील सामूहिक जेवण : ताटांचा हिशेब कसा जमवलात?

गेल्या मे महिन्यात लातूरमध्ये आमच्या दहावीच्या वर्गाचा स्नेहमेळावा एका हॉटेलात झाला आणि जेवणाची जबाबदारी माझ्याकडे आली. ६२ जणांनी ‘नक्की येतो’ असे कळवले, मी ६२ ताटांची हमी लिहून दिली आणि प्रत्यक्षात ४७ जण जेवले. उरलेल्या १५ ताटांचे पैसे भरावे लागले. त्यात हॉटेलवाल्याला बोल लावता येत नाही, कारण त्याने माझ्या शब्दावर बाजार केला होता. आता मी होकारांच्या पाऊण पटीचीच हमी देतो आणि वाढीव ताटांचा दर आधीच लिहून घेतो. मराठवाड्यात असे जेवण ठरवणाऱ्यांनी आपापले अनुभव सविस्तर लिहावेत. पाककृती नकोत, व्यवस्था हवी.

परभणीहून

आम्ही निवृत्त सहकारी ४० जण होतो. पनीर सगळीकडेच मिळते, म्हणून ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी एवढेच सांगितले होते. हॉटेलने भाकरी सकाळी अकरालाच करून डब्यात भरून ठेवल्या आणि दीड वाजता त्या ताटात पडल्या तेव्हा कडा चामड्यासारख्या झाल्या होत्या. चूक आमचीही होती. काय हवे ते सांगितले, कधी हवे ते सांगितले नाही. पुढच्या वर्षी हिशेब मांडला : एका भाकरीला तव्यावर आणि आरावर मिळून तीन मिनिटे धरली, तरी माणशी दोन प्रमाणे ८० भाकरींना एका तव्यावर चार तास लागतात. म्हणून तीन तवे मांडायला लावले, थापायला तीन बायका बाहेरून बोलावल्या आणि पंगत दोन फेऱ्यांत बसवली. पापुद्रा फुगलेली भाकरी वाफेसकट ताटात आली, तेव्हा गोडाची आठवणही कोणी काढली नाही.

नांदेडहून

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि माणसे आल्या आल्या पाणी मागतात, जेवण नव्हे. आमच्या कार्यक्रमात प्रत्येक टेबलावर न मागता बाटल्या ठेवल्या गेल्या आणि बिलात त्यांचा आकडा भाजीपेक्षा मोठा निघाला. हॉटेलात बसून प्यायच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त दर लावण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिली आहे, त्यामुळे तिथे वाद घालून उपयोग नसतो. गाळलेले पाणी जगांतून आणि मठ्ठा पिंपातून द्यावा, असे बुकिंगच्या वेळीच ठरवावे. मठ्ठ्यात बर्फ टाकायचा असेल, तर तो कुठल्या पाण्याचा आहे हेही विचारावे.

छत्रपती संभाजीनगरहून

सुट्टी आहे म्हणून आम्ही मेळाव्याला २ ऑक्टोबर निवडला, हॉल ठरवला, नान खलियाही सांगितला आणि गांधी जयंतीला मद्यविक्री बंद असते हे तीस शिकलेल्या माणसांपैकी एकालाही आठवले नाही. त्या संध्याकाळी लिंबू सोडा भरपूर खपला. पुढच्या वेळी तारीख बदलली, पण बिलाने चकवले. मद्यावर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, आणि तारांकित नसलेल्या हॉटेलांत तो १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. म्हणून जेवणाचे आणि पेयांचे बिल वेगळे मागावे. न पिणाऱ्यांवर पिणाऱ्यांचा भार पडत नाही आणि मैत्री टिकते. बिलात सेवाशुल्क आपोआप जोडलेले होते, पण ते ऐच्छिक असते हे शांतपणे सांगितल्यावर काढून टाकण्यात आले.

धाराशिवहून

थोडक्यात लिहितो. आमच्या मेळाव्याच्या दिवशी संकष्टी होती आणि अकरा जणांचा उपवास निघाला. ऐन वेळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी करून मिळाली, पण उपवासवाल्यांना तीन वाजले. तारीख ठरवताना पंचांग पाहावे.

लातूरहून, परभणीकरांना

भाकरीचा हिशेब उतरवून घेतला आहे. त्या तीन बायकांची मजुरी ताटाच्या दरातच धरली होती, की वेगळी दिली?

परभणीहून

मजुरी वेगळी दिली. त्यांची स्वतःची जेवणे मात्र आम्ही हमीच्या संख्येत धरायला विसरलो आणि ती तीन वाढीव ताटे म्हणून बिलात आली.