मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी संशोधनलेखन शिकवताना व्याकरण कधी आणि किती?

वहीची कड यांचा प्रश्न :

मी पश्चिम महाराष्ट्रात, तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. पदव्युत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संशोधन प्रकल्प इंग्रजीत लिहावा लागतो आणि त्यासाठीचा लेखनाचा तास माझ्याकडे असतो. त्यांच्यापैकी बहुतेकांचे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे. विषय त्यांना समजतो, तोंडी विचारल्यास मराठीत नेमके उत्तर मिळते. कागदावर इंग्रजीत उतरताना मात्र सगळे विस्कटते. ऊसपट्ट्यातील पाणीविक्रीवर लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या कच्च्या मसुद्यातील चार वाक्ये तिच्या संमतीने येथे देते :

‘ऑलदो द रेनफॉल वॉज लेस, बट फार्मर्स कल्टिव्हेटेड शुगरकेन. व्हिच फार्मर्स आर हॅविंग वेल, दे सोल्ड वॉटर टू अदर फार्मर. रिसर्चर डिस्कस्ड अबाउट दिस प्रॉब्लेम विथ फार्मर्स. दिस प्रूव्ह्ज दॅट वॉटर मार्केट इज हार्मफुल फॉर स्मॉल फार्मर.’

मी प्रत्येक चूक लाल शाईने दुरुस्त करून देते. विद्यार्थी त्या दुरुस्त्या जशाच्या तशा उतरवून घेतात आणि पुढच्या प्रकरणात त्याच चुका पुन्हा करतात. आधी काही आठवडे केवळ व्याकरण घ्यावे आणि मग लेखनाकडे वळावे, असे विभागातील ज्येष्ठांचे मत आहे. तसे करावे का? आणि तपासताना नेमके काय दुरुस्त करावे, काय सोडून द्यावे?

खडूफळा यांचे उत्तर :

व्याकरणाचे स्वतंत्र तास सुरुवातीला घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हे विद्यार्थी पाचवीपासून, काही तर पहिलीपासून, काळ आणि प्रयोग यांचे रकाने भरत आले आहेत. रिकाम्या जागा भरा म्हटले तर ते भरतीलही, पण त्याचा स्वतःच्या परिच्छेदाशी काही संबंध असतो हे त्यांना कोणी दाखवलेले नसते.

आपण दिलेली वाक्ये पुन्हा वाचली तर लक्षात येईल की त्यांतील चुका अंदाधुंद नाहीत, त्यांच्यामागे मराठीची शिस्त आहे. ‘जरी पाऊस कमी झाला तरी शेतकऱ्यांनी ऊस लावला’ या वाक्यातील ‘तरी’ मराठीत गाळून चालत नाही, म्हणून ‘ऑलदो’च्या मागोमाग ‘बट’ येतो. ‘ज्या शेतकऱ्यांकडे विहिरी आहेत त्यांनी पाणी विकले’ ही रचना तशीच उचलली की ‘व्हिच फार्मर्स’ आणि ‘दे’ अशी जोडी तयार होते. ‘समस्येविषयी चर्चा केली’ यातील ‘विषयी’ हे ‘अबाउट’ होऊन बसते. ‘आर हॅविंग’चेही तसेच आहे, मराठीत ‘मला वाटते आहे’, ‘मला दिसते आहे’, ‘मला आठवते आहे’ असे आपण सहज म्हणतो, त्यामुळे स्थितिदर्शक, म्हणजे कृती नव्हे तर स्थिती सांगणाऱ्या, क्रियापदाला इंग्रजीत हे चालू काळाचे रूप सहसा चालत नाही ही गोष्ट मुद्दाम सांगितल्याशिवाय कळत नाही.

म्हणून मी फळ्याचे दोन भाग करतो. डाव्या बाजूला विद्यार्थ्याचे मूळ मराठी वाक्य त्याच्याकडूनच लिहून घेतो आणि उजव्या बाजूला इंग्रजी. मराठीत दोन्ही टोकांना खुंटी लागते, इंग्रजीत एकाच टोकाला, एवढे एकदा डोळ्यांनी पाहिले की ‘ऑलदो–बट’ ही चूक झपाट्याने कमी होते. ‘ज्या–त्या’च्या संबंधी वाक्यांना थोडा अधिक वेळ लागतो, कारण तेथे उपवाक्याची जागाच बदलते : ‘फार्मर्स हू हॅड वेल्स सोल्ड वॉटर’. आपण मराठीत ‘विहिरी असलेल्या शेतकऱ्यांनी’ असेही म्हणतो याची आठवण करून दिली तर एका नामाभोवती बांधलेली ही रचना त्यांना परकी वाटत नाही.

‘अ’ आणि ‘द’ यांच्याबाबत मात्र अपेक्षा आवराव्यात. मराठीत अशी उपपदे नाहीत, आणि ज्यांच्या मातृभाषेत ती नाहीत अशांना ती सर्वांत उशिरा जमतात. एका सत्रात ती पूर्णपणे सुधारतील असे धरून चालणे म्हणजे स्वतःची आणि विद्यार्थ्यांची फरफट करणे होय. त्याऐवजी उपयोगांची एकच जोडी निवडावी : पहिल्यांदा उल्लेख आला की ‘अ’, त्याच वस्तूचा पुन्हा उल्लेख आला की ‘द’. संशोधनपद्धतीचे प्रकरण यासाठी फार सोयीचे असते, कारण तेथे ‘अ क्वेश्चनेअर वॉज प्रिपेअर्ड’ यानंतरचे वाक्य बहुधा ‘द क्वेश्चनेअर’नेच सुरू होते.

तपासण्याविषयी आपण जे विचारले आहे तो वाद जुना आहे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये एका लेखात असे मांडले की लेखनाच्या वर्गात व्याकरणाच्या दुरुस्त्या करणे निष्फळच नव्हे तर अपायकारकही आहे, म्हणून ते बंद करावे. त्याच क्षेत्रातील डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिले आणि दुरुस्ती निवडक, प्राधान्यक्रमाने केलेली व स्पष्ट असेल तर ती सोडून देण्याचे कारण नाही, अशी बाजू घेतली. पुढे जॉन बिचनर यांनी न्यूझीलंडमध्ये केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर सांगितलेल्या ‘अ’ आणि ‘द’च्या दोन उपयोगांपुरतीच दुरुस्ती दिली गेली, ती मिळालेल्या विद्यार्थ्यांची अचूकता वाढली आणि दोन महिन्यांनंतरही टिकली. यावरून सर्वच चुकांबाबत निष्कर्ष काढता येणार नाही. तरीही पान लाल करण्यापेक्षा दोन प्रकारच्या चुका निवडून त्यांच्यामागे लागणे शहाणपणाचे आहे, असे मी तरी त्यातून घेतले.

तळटीप यांचे उत्तर :

खडूफळा यांच्याशी बव्हंशी सहमत आहे. परंतु या चर्चेत चौथे वाक्य निसटले आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘दिस प्रूव्ह्ज’ या वाक्यात उपपदाची आणि वचनाची चूक दुरुस्त केली, तरी ते संशोधनातील वाक्य म्हणून अग्राह्यच राहते. ही विद्यार्थिनी किती गावांत गेली होती? एका गावातील काही शेतकऱ्यांशी बोलून पाण्याच्या बाजाराविषयी काही ‘सिद्ध’ होत नाही. तिला हेच मराठीत लिहायला सांगा. ‘पाण्याचा बाजार लहान शेतकऱ्यांना मारक ठरत असावा’ किंवा ‘या गावापुरते तरी तसे दिसते’, असे ती लिहील, याची मला जवळजवळ खात्री आहे. ‘असावा’मधील सावधपणा तिच्याजवळ आहे, पण इंग्रजीत तो कोठे ठेवायचा हे तिला ठाऊक नाही. ‘मे’, ‘सजेस्ट्स’, ‘अपिअर्स टू’, ‘इन दिस व्हिलेज’ ही सामग्री द्या आणि एकाच निष्कर्षाची तीन वाक्ये, कमी-अधिक खात्रीची, लिहून घ्या. ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’ ही सहायक क्रियापदे व्याकरणाच्या तासाला वर्षानुवर्षे शिकवली जातात. त्यांचा खरा उपयोग येथे कळतो.

दुसरी अडचण शालेय निबंधाच्या वळणाची आहे. आमच्या विद्यार्थ्यांचे प्रास्ताविक ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ येथून निघते आणि पाणीविक्रीपर्यंत पोहोचता पोहोचता चार पाने संपतात. भाषाभ्यासक जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये संशोधनलेखांच्या प्रास्ताविकाची जी तीन पावले सांगितली, म्हणजे विषयाचे क्षेत्र आखणे, त्यातील उणीव दाखवणे आणि ती आपण कशी भरून काढणार हे सांगणे, ती विद्यार्थ्यांना लगेच पटतात. वर्गात मी त्यांच्याच विषयातील एखाद्या छापील लेखाची पहिली दोन पाने देतो आणि उणीव दाखवणारे वाक्य शोधायला सांगतो. ते बहुधा ‘हाउएव्हर’ने सुरू होते, हे त्यांनी स्वतः शोधून काढले की मला फारसे बोलावे लागत नाही.

येथे एक सावधगिरी सांगतो. भाषाभ्यासक रॉबर्ट कॅप्लन यांच्या १९६६ च्या लेखातील आकृत्या अनेक प्रशिक्षणवर्गांत अजूनही दाखवल्या जातात : इंग्रजीचा विचार सरळ रेषेत आणि ‘पौर्वात्यां’चा चक्राकार. या मांडणीवर नंतर भरपूर टीका झाली आहे आणि ती विद्यार्थ्यांपुढे ठेवू नये. पूर्वपक्ष मांडून त्याचे खंडन करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ सुरू केले तेव्हा ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघत असे; मराठी डोक्याला सरळ युक्तिवाद जमत नाही असे त्या पत्राच्या वाचकाला तरी पटले नसते.

अर्धविराम यांचे उत्तर :

थोडक्यात लिहितो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या विनियमांनुसार इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; त्यापुढे प्रबंधांसाठी पायरीपायरीने शिक्षा आहेत. या आकड्याच्या धाकाने विद्यार्थी मूळ वाक्यातील शब्दांच्या जागी समानार्थी शब्द बसवत जातात. त्यातून जी विचित्र वाक्ये जन्माला येतात ती आपण व्याकरणाच्या चुका म्हणून तपासत बसतो, हे विसरू नये. मी उतारा वाचून पुस्तक मिटायला लावतो, शेजारच्याला तो मराठीत सांगायला लावतो आणि मगच इंग्रजीत लिहून घेतो. संदर्भ तरीही द्यावा लागतोच, हे स्वतंत्रपणे सांगावे लागते. स्वतःच्या शब्दांत लिहिले म्हणजे संदर्भाची गरज संपली, असा समज फार पक्का असतो.

वहीची कड :

सर्वांचे आभार. ‘प्रूव्ह्ज’कडे माझे लक्ष खरोखरच गेले नव्हते, मी ‘फार्मर’चे ‘फार्मर्स’ करून पुढे गेले होते. एक शंका उरते. वर्ग मोठा आहे आणि अंतिम प्रकल्पावर बाहेरचे परीक्षक गुण देतात. मी दोनच प्रकारच्या चुका पाहिल्या आणि बाकीच्या तशाच राहिल्या, तर नुकसान विद्यार्थ्याचेच होणार.

खडूफळा :

आपली शंका रास्त आहे, म्हणून शिकवणे आणि अंतिम प्रत सिद्ध करणे ही दोन कामे वेगळी ठेवावीत. सत्रभर प्रत्येकाचा एकच परिच्छेद घ्यावा, निवडलेल्या चुकीच्या ओळीसमोर समासात फक्त फुली करावी आणि दुरुस्ती विद्यार्थ्याला करू द्यावी. गुण त्यानंतरच्या मसुद्यावर द्यावेत, पहिल्यावर नव्हे, अन्यथा गुण पाहून वही मिटली जाते. निष्कर्षाचे वाक्य मात्र प्रत्येक वेळी वाचावे, तेथे तळटीप यांचे म्हणणे मला मान्य आहे. अंतिम प्रत जाण्याआधी उरलेल्या चुका आपण स्वतः दुरुस्त करून दिल्या, किंवा संगणकावरील तपासणीची मदत घेऊ दिली, तरी त्यात मला काही गैर वाटत नाही. फक्त त्या तपासणीने सुचवलेला बदल का स्वीकारला हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे, कारण अशी साधने ‘सजेस्ट्स’चे ‘शोज’ करून वाक्य देखणे करतात आणि दावा बिघडवतात.

तळटीप :

परीक्षकांचा अनुभव माझ्याही गाठीशी आहे. तोंडी परीक्षेत ‘हा निष्कर्ष कशावरून?’ असेच विचारले जाते. ‘द’ का गाळला, असे मला तरी अजून कोणी विचारलेले आठवत नाही.