मदत हवी आहे: पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड्सचे नावानिशी गट कसे करायचे?

नव्याने रुजू होणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं प्रेझेंटेशन माझ्याकडे आहे. भर पडत पडत ते दीडशे स्लाइड्सच्या आसपास गेलंय. ओळख, सुरक्षा, यंत्राची देखभाल, बिघाड शोधणे आणि पुरवणी असे त्याचे सरळसरळ पाच भाग पडतात. आम्ही तिघेजण आलटून पालटून त्यात बदल करतो. डावीकडच्या पट्टीत हवी ती स्लाइड शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

सध्या प्रत्येक भागाआधी फक्त शीर्षक असलेली एक स्लाइड टाकली आहे. पण भाग पुढेमागे केला की शीर्षक एकीकडे आणि मजकूर दुसरीकडे अशी गत होते. शिवाय ती शीर्षकं समोर बसलेल्यांनाही दिसतात, ते नको आहे.

मला हवंय ते असं: गटाला नाव देता यावं, अख्खा गट एकदम हलवता यावा आणि फक्त एका गटाची छपाई करता यावी. अजून एक, सुरक्षेच्या काही स्लाइड्स देखभालीच्या सत्रातही लागतात. एकच स्लाइड दोन गटांत ठेवता येते का? तिच्या दोन प्रती मला ठेवायच्या नाहीत, कारण एकीत दुरुस्ती झाली आणि दुसरी जुनीच राहिली तर सुरक्षेच्या बाबतीत ते परवडणारं नाही.

प्रतिसाद १

तुम्हाला हवं आहे त्याला पॉवरपॉइंटमध्ये सेक्शन म्हणतात. २०१० च्या आवृत्तीपासून ही सोय आहे.

डावीकडच्या पट्टीत, जिथून नवा भाग सुरू व्हायला हवा त्या स्लाइडच्या अगदी वरच्या फटीत राइट क्लिक करा आणि 'अ‍ॅड सेक्शन' निवडा. होम टॅबवरही 'सेक्शन' नावाचं बटण आहे. नाव नंतर बदलायचं असेल तर सेक्शनच्या नावावर राइट क्लिक करून 'रिनेम सेक्शन'. पहिलं सेक्शन मधूनच सुरू केलंत, तर त्याच्या आधीच्या सगळ्या स्लाइड्स आपोआप 'डिफॉल्ट सेक्शन'मध्ये जातात. घाबरू नका, त्याला 'ओळख' असं नाव देऊन टाका.

मग नावावर राइट क्लिक करून 'कोलॅप्स ऑल' करा. दीडशे स्लाइड्सच्या जागी फक्त पाच ओळी उरतात, प्रत्येकीपुढे स्लाइड्सची संख्या. आता नाव धरून वरखाली ओढलं की आतल्या सगळ्या स्लाइड्स सोबत जातात. नावावर नुसतं क्लिक केलं तर गटातल्या सगळ्या स्लाइड्स निवडल्या जातात, त्यामुळे अख्ख्या भागाची पार्श्वभूमी बदलणं किंवा भाग लपवणं एका फटक्यात होतं. प्रेक्षकांना ही नावं दिसत नाहीत.

एक गोष्ट मात्र तिघांनाही बजावून ठेवा. त्याच मेनूत 'रिमूव्ह सेक्शन' आणि 'रिमूव्ह सेक्शन अँड स्लाइड्स' हे दोन पर्याय एकाखाली एक आहेत. पहिल्याने फक्त नाव जातं, स्लाइड्स जागेवर राहतात. दुसऱ्याने स्लाइड्सही जातात.

प्रतिसाद २

दोन गटांतल्या स्लाइडबद्दल: सेक्शनमध्ये ते जमत नाही. एक स्लाइड एकाच सेक्शनमध्ये राहते. तुमच्या गरजेला 'कस्टम शो' आहे. स्लाइड शो टॅब, कस्टम स्लाइड शो, कस्टम शोज, न्यू. तिथे 'देखभाल सत्र' असं नाव द्या आणि यादीतून हव्या त्या स्लाइड्स हव्या त्या क्रमाने उचला, मग त्या कुठल्याही सेक्शनमधल्या असोत. स्लाइड मूळ फाइलमध्ये एकदाच असते, शोमध्ये फक्त तिचा उल्लेख असतो. म्हणजे दुरुस्ती एकदाच करायची आणि ती सगळीकडे दिसते.

माझ्या मते दोन्ही वापरा. सेक्शन फाइलवर काम करणाऱ्यांसाठी, कस्टम शो समोर बसणाऱ्यांसाठी. छपाईच्या खिडकीत 'प्रिंट ऑल स्लाइड्स' लिहिलेली यादी उघडली की सेक्शन्स आणि कस्टम शो दोन्ही तिथे नावाने दिसतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! सेक्शन्स केले, पट्टी एकदम आटोक्यात आली. 'देखभाल सत्र'ही तयार झालं. दोन शंका उरल्यात. सेक्शन मिटवलेलं असेल तर शो चालवताना त्यातल्या स्लाइड्स गाळल्या जातात का? आणि आमच्यातला एकजण कीनोट (अ‍ॅपलचं प्रेझेंटेशन सॉफ्टवेअर) वापरतो, त्याचं काय?

प्रतिसाद १

नाही, मिटवणं फक्त पट्टीपुरतं. शो आणि छपाई दोन्हींत स्लाइड्स येतातच. गाळायच्या असतील तर सेक्शन निवडून 'हाइड स्लाइड' करा.

कीनोटमध्ये पद्धत वेगळी आहे. तिथे स्लाइड उजवीकडे सरकवली की ती वरच्या स्लाइडच्या पोटात जाते आणि छोट्या त्रिकोणाने गट मिटवता येतो, पण गटाला वेगळं नाव नसतं. म्हणून मूळ फाइल पॉवरपॉइंटमध्येच राहू द्या आणि त्या सहकाऱ्याच्या स्लाइड्स तुम्ही तिच्यात आणा. सेव्ह करताना पीपीटीएक्सच निवडा, जुन्या पीपीटी प्रकारात सेक्शन्स टिकत नाहीत.

प्रतिसाद ३

थोडी भर घालते. तुमच्याकडे २०१९ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर इन्सर्ट टॅबवर 'झूम'मध्ये 'सेक्शन झूम' बघा. एका स्लाइडवर पाचही भागांची चित्रं मांडता येतात. ज्यावर क्लिक कराल तो भाग सुरू होतो आणि संपला की पुन्हा त्याच स्लाइडवर परत येतो. प्रशिक्षणात कुणी मध्येच मागच्या भागातलं काही विचारलं की याचा फार उपयोग होतो, सगळ्यांसमोर स्लाइड्स उलटत बसावं लागत नाही.

धागाकर्ती

३६५ आहे, आजच करून बघते. 'बिघाड शोधणे' या भागातच सगळ्यात जास्त प्रश्न येतात, त्यामुळे त्याचं चित्र सगळ्यात मोठं ठेवणार आहे.